थाप कोठवर पोचली?

नळाला पाणी आले नाही म्हणजे आपण टाकी पाहतो, मोटार पाहतो, वीज आहे किंवा नाही ते पाहतो. आणि एवढ्यानेही उलगडा न झाल्यास रस्त्यात नळ कोठे फुटला आहे काय, याची चौकशी करतो. परंतु आप्तांकडून निरोप आला नाही म्हणजे मात्र यांपैकी काहीएक न करता आपण एकदम त्यांच्या मनाचा शोध घेऊ लागतो. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत जो धीर आपण सहज दाखवितो, तो माणसांच्या बाबतीत आपल्या अंगी का राहत नसावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्यापुढे तो गेल्या उन्हाळ्यात एका खेळाच्या निमित्ताने उभा राहिला. खेळ मुलांचा, पण त्यातील बिघाड शोधता शोधता थोरांसही काही शिकावयास मिळाले, म्हणून ती हकीगत येथे देत आहो.

ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांची मुले आहेत, त्यांस 'माइनक्राफ्ट' हे नाव अपरिचित नसेल. इतरांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, हा संगणकावरील खेळ मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली प्रथम लोकांपुढे मांडला. २०११ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण रूपात आला. आणि २०१४ साली त्याची मालक कंपनी 'मोजांग' ही मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. या खेळात हारजीत गौण आहे. दगड, माती, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे खणून काढावयाचे आणि ते रचून मनास येईल ते उभारावयाचे, हाच मुख्य उद्योग. अनेकांस एकाच जगात वावरता यावे म्हणून ते जग कोणत्या तरी एका संगणकावर चालू ठेवावे लागते. त्या संगणकास 'सर्व्हर' म्हणतात. तो भाड्याने मिळतो; पण त्याचा प्रोग्राम कंपनीने विनामूल्य ठेवला असल्याने घरच्या साध्या संगणकावरही तो चालविता येतो.

आमच्या बोदवडच्या घरी माडीवरील जुन्या संगणकावर तो चालविण्याचा खटाटोप धाकट्या पुतण्याने केला. तो अकरावीत आहे. भाड्याचा सर्व्हर घ्यावा, त्यात कटकट कमी, असे पुण्याच्या भाच्याचे मत होते; आणि व्यवहारदृष्ट्या ते बरोबरही होते. परंतु या जगात मुलांनी जे बांधावयास घेतले होते, ते ऐकून आमच्या मातोश्रींनी, म्हणजे सर्वांच्या माईंनी, निकाल दिला की, ही वास्तू भाड्याच्या जागेत राहावयाची नाही.

ती वास्तू म्हणजे आमचा जुना वाडा. दोन चौकांचा, धाब्याचा, मातीच्या जाड भिंतींचा तो वाडा चार वर्षांपूर्वी उतरविला. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली. पुढच्या भागात थोरल्या बंधूंनी नवे घर बांधले, त्यातच आम्हीही राहतो. मागील भाग मधल्या बंधूंच्या वाट्यास गेला व ते नाशिकला असल्यामुळे तेथे आज काटेरी झुडपे वाढली आहेत. जागेच्या हद्दीवरून दोन्ही घरांत जे शब्द झाले, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. सणावारी निरोप जात-येत, पण जाणे-येणे थांबले होते. मुलांनी मात्र मोठ्यांस न विचारताच एक गोष्ट केली. बोदवड, नाशिक, पुणे आणि न्यू जर्सी येथील सहा भावंडांनी मिळून, दर रविवारी सायंकाळी सात वाजता, म्हणजे अमेरिकेतील उन्हाळ्याच्या सकाळी साडेनऊस, तो वाडा त्या ठोकळ्यांच्या जगात पुन्हा उभारावयास घेतला.

खेळातील एक ठोकळा एक मीटरचा मानतात. माई मापे सांगत ती खणांत आणि हातांत. पुतण्या ती ठोकळ्यांत बसवी. ओसरी किती खणांची, माजघरातून देवघरात जाताना उंबरठा किती उंच होता, धान्याचे बळद कोणत्या भिंतीत होते, परसातील विहिरीवर कडुनिंबाची सावली कोणत्या वेळी पडे, हे सारे शहाऐंशी वर्षांच्या माई पडद्यासमोर बसून सांगत. ज्या नातवंडांनी तो वाडा धडपणी पाहिलाही नव्हता, ती हजारो कोसांवरून विचारीत, "माई, दिंडीदरवाजा आत उघडायचा की बाहेर?" आम्हां भावांस जे जमले नाही ते मुले खेळता खेळता करीत होती, हे मनातल्या मनात सर्वांस कळत होते, बोलून दाखविले कोणी नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी हद्दीच्या मोजणीवरून दोघा बंधूंची फोनवर पुन्हा बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी, नाशिकच्या मुलांस त्या जगात येता येईना. पुण्याचा भाचा परीक्षेच्या तयारीत होता आणि न्यू जर्सीची मंडळी प्रवासात होती. त्यामुळे बाहेरून येऊ पाहणारी नाशिकची दोघेच. बोदवडच्या घरात बसलेली मुले तर सुखेनैव खेळत होती. रात्री नाशिकहून एवढाच निरोप आला : "आम्हांला काढून टाकले असेल तर तसे स्पष्ट सांगावे."

शनिवारचे बोलणे आणि रविवारचे बंद दार यांचा संबंध कोणीही जोडला असता. आमच्या वहिनी तर म्हणाल्या की, उत्तर देऊच नये. शब्दाने शब्द वाढेल. परंतु पुतण्याने सरळ विचारले, "पडद्यावर नेमके काय उमटले, ते कोणी विचारले का?" त्या एका प्रश्नाने प्रकरणाची दिशा फिरली.

या खेळात बाहेरच्यास आत येता आले नाही म्हणजे त्यास जे उत्तर मिळते, ते एकच नसते. आणि त्यांतील भेद प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिले उत्तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. याचा अर्थ, तुमची थाप त्या संगणकापर्यंत पोचली, पण त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. बहुधा सर्व्हरचा प्रोग्राम बंद पडला आहे. दुसरे उत्तर 'यू आर नॉट व्हाइटलिस्टेड ऑन धिस सर्व्हर'. याचा अर्थ, तुम्ही आलात, तुम्हांस ओळखले, आणि निमंत्रितांच्या यादीत तुमचे नाव नाही म्हणून परत पाठविले. तिसरे उत्तर 'कनेक्शन टाइम्ड आउट'. याचा अर्थ, थाप मारून वाट पाहिली, काहीच उत्तर आले नाही. ती थाप मध्येच कोठे तरी विरून गेली. नाशिकच्या मुलांस मिळालेले उत्तर हे तिसरे होते. ज्यास खरोखर वगळले असेल, त्यास यंत्र तसे तोंडावर सांगते. जेथे नुसते मौन आहे, तेथे वगळण्याचा पुरावा नाही. तेथे रस्ता तपासावयाचा असतो.

आता रस्ता तपासावयाचा तो कसा? पुतण्याने घरातून बाहेरच्या दिशेने एकेक पायरी घेतली. सर्व्हर ज्या संगणकावर आहे त्याच संगणकावरून खेळात शिरून पाहिले, शिरता आले. घरातील दुसऱ्या संगणकावरून पाहिले, शिरता आले. मग पुण्यास फोन करून भाच्यास पाच मिनिटे पुस्तक बाजूस ठेवावयास लावले. त्यासही तेच उत्तर, 'टाइम्ड आउट'. म्हणजे बंद झाले होते ते नाशिककरांस नव्हे, बाहेरच्या सर्वांसच. हे कळताच आमच्या घरातील अर्धी उष्णता उतरली.

त्यानंतर पाळी आली राउटरची. घरातील प्रत्येक यंत्रास राउटर एक आतला क्रमांक देतो. बाहेरून २५५६५ या क्रमांकाच्या दारावर (हा या खेळाचा ठरीव दार-क्रमांक) कोणी आले, तर त्यास घरातील कोणत्या यंत्राकडे धाडावयाचे, हे राउटरला आधीच सांगून ठेवावे लागते. त्याच आठवड्यात दोनदा वीज गेली होती. वीज परत आल्यावर राउटरने सर्व यंत्रांस नवे क्रमांक वाटले; सर्व्हरचा शेवटचा आकडा पाचाचा आठ झाला; आणि राउटर मात्र येणाऱ्यांस इमानाने पाचाकडेच पाठवीत राहिला, जेथे आता कोणीच राहत नव्हते. पुतण्याने सर्व्हरचा क्रमांक कायमचा बांधून टाकला व मोठ्या हर्षाने पुण्यास पुन्हा फोन केला. उत्तर तेच.

दोन बिघाड एकाच वेळी झाले म्हणजे शोधणाराची खरी परीक्षा होते. एक दुरुस्त केला तरी फळ दिसत नाही, आणि आपण बरोबर केलेलीही गोष्ट चूक समजून पुन्हा मोडून ठेवतो. पुतण्या त्याच बेतात होता. पुढे काय करावे हे आम्हां दोघांसही सुचेना. या विषयाचे ज्ञान असलेले आमच्या कुटुंबात एकच गृहस्थ. ते म्हणजे आमचे मधले बंधू. त्यांची सारी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली होती.

फोन माईंनी लावला. त्यांनी हद्दीचे नाव काढले नाही, निरोपाचेही नाही. एवढेच म्हणाल्या, "अरे, वाड्याची वाट कुठे तरी तुटली आहे. तू तारा जोडायचास ना, मग बघ जरा." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग बंधूंनी मुलास फोन देण्यास सांगितले.

त्यांनी पुतण्यास प्रथम ताकीद दिली की, जे दुरुस्त केले ते मोडावयाचे नाही. तार तुटल्यास एका टोकापासून प्रत्येक खांब चढत बसण्यापेक्षा मध्यावर जाऊन पाहावे, म्हणजे दोष अलीकडे की पलीकडे हे कळते. मग उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्यावा. "तुमच्या घराचे आत सगळे ठीक. आमच्याकडूनही जग दिसते. तेव्हा दोष तुमच्या उंबरठ्याबाहेर. आता असे कर : राउटरच्या पानावर तुमच्या घराचा बाहेरचा पत्ता कोणता लिहिला आहे तो वाच. नंतर कोणत्याही पत्ता दाखविणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन तेथे कोणता दिसतो तो वाच." राउटरच्या पानावरील पत्ता १०० ने आरंभ होत होता व त्याच्या पुढचा आकडा ८० च्या घरातला होता, संकेतस्थळावरील पत्ता सर्वस्वी निराळा होता. बंधू म्हणाले, "मग मिळाले. तुमच्या घराला आता स्वतःचा पत्ताच राहिलेला नाही."

याचा उलगडा असा. इंटरनेटच्या जुन्या व आजही चालू असलेल्या पद्धतीत एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच संभवतात. पृथ्वीवरील माणसे आठ अब्जांहून अधिक, आणि एकेका माणसापाशी दोन-दोन, तीन-तीन यंत्रे. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात आशिया खंडाच्या वाट्याचा साठाही अखेरच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी शेकडो घरांस मिळून एकच खरा पत्ता देण्याची युक्ती सर्रास योजिली, व अशा घरांच्या आतील क्रमांकांसाठी २०१२ च्या एप्रिलात १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा प्रदेश राखून ठेवण्यात आला. आमचा पत्ता त्याच प्रदेशातला. कंपनीने ही अदलाबदल नेमकी त्या आठवड्यात, काही न कळविता केली होती.

मोठ्या चाळीचे उदाहरण घ्या. चाळीस टपालाचा क्रमांक एक, आणि दाराशी एक पहारेकरी. एखाद्या खोलीतून पत्र बाहेर गेले म्हणजे तो ते वहीत टिपून ठेवतो, आणि उत्तर आले की बरोबर त्या खोलीत पोचवितो. म्हणून आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो, गाणी ऐकत होतो, अमेरिकेशी बोलतही होतो. कारण या प्रत्येक वेळी पहिले पत्र आतून गेलेले असते. परंतु बाहेरून कोणी आपण होऊन आला, तर तो कोणत्या खोलीचा हे पहारेकऱ्याच्या वहीत नसते. तो त्यास हाकलूनही देत नाही. नुसता दुर्लक्ष करतो. नाशिकच्या मुलांची थाप या पहारेकऱ्यापाशी विरत होती. "इंटरनेट तर चालू आहे ना?" असे कंपनीच्या मनुष्याने विचारले, तेही त्याच्या परीने खरेच होते.

उपाय अनेक होते. स्वतंत्र पत्ता दरमहा निराळे पैसे देऊन मिळतो. पण आमच्या भागात ती सोय नाही असे कंपनीकडून सांगण्यात आले. पत्त्यांची नवी पद्धत अशी आहे की, तीत प्रत्येक यंत्रास निराळा पत्ता देऊनही साठा संपावयाचा नाही. तिच्या वापरात भारत आज जगातील पुढारलेल्या देशांत गणला जातो. परंतु आमच्या जोडणीवर ती अद्याप आलेली नव्हती. शेवटी बंधूंनी तिसरा मार्ग सुचविला. 'टेलस्केल', 'झीरोटियर' अशा नावांच्या व्यवस्था आहेत. त्यांत प्रत्येक घरातील संगणक आपण होऊन बाहेर जातो व एका ठराविक ठिकाणी आपली वर्दी देतो. तेथे दोघांस एकमेकांचा ठावठिकाणा कळला म्हणजे दोघेही एकाच वेळी परस्परांस हाक घालतात. दोहोंकडच्या पहारेकऱ्यांस वाटते की, हे आपल्याच माणसाच्या पत्राचे उत्तर आहे, आणि वाट मोकळी होते. बोदवडच्या घरी नाशिककरांस येता येत नसेल, तर दोघांनीही भुसावळ जंक्शनवर यावे, तसाच हा प्रकार. अट एकच, दोन्ही बाजूंनी घराबाहेर पाऊल टाकले पाहिजे. एकट्या बोदवडने कितीही दार उघडून ठेवले तरी चालत नाही, आणि एकट्या नाशिकने कितीही थापा मारल्या तरी चालत नाही.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास नाशिकची दोन्ही मुले ओसरीवर उभी राहिलेली माईंनी पाहिली. त्यांच्या मागोमाग एक तिसरी, अडखळत चालणारी, भिंतींवर आपटणारी आकृती आली. ते आमचे मधले बंधू होते. मुलाच्या नावाने आत शिरले होते. सर्व वाडा फिरून झाल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की, माजघराची खिडकी एक खण पूर्वेस चुकली आहे. माईंनी ते मान्य केले.

पुढच्या अडचणी लहान होत्या, तरी त्यांतही हाच विवेक उपयोगी पडला. न्यू जर्सीचा नातू तक्रार करी की, आपण ठोकळा फोडला तरी तो क्षणभराने फुटतो. यास दोष म्हणता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि बोदवडहून तेथवर जाऊन परत येण्याची वाट पंचवीस हजार किलोमीटरांहून मोठी. वळसे आणि मुक्काम धरून पाव सेकंद जावयाचाच. परंतु मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, तेव्हा घरात बसलेल्या मुलांचेही जग अडखळू लागले; हा मात्र दोष होता. सर्व्हरने एका सेकंदात आपले जग वीस वेळा पुढे सरकवावयाचे असते. ते न जमल्यास तो 'कान्ट कीप अप' अशी कबुली स्वतःच्या नोंदवहीत लिहितो. माडीवरील उष्म्याने यंत्र स्वतःस जपण्याकरिता मंद चालत होते. त्यातील वर्षांची धूळ काढली, ते खाली माजघरात कूलरच्या वाऱ्याच्या बाजूस, पण ओल लागणार नाही अशा जागी आणले, आणि दृष्टीचा पल्ला दहावरून सहावर आणला. तेव्हा ते ताळ्यावर आले. लांबच्या माणसाचा उशीर हा अंतराचा असतो आणि जवळच्याचा उशीर हा थकव्याचा असतो, हे घरातील वडील माणसांनीही ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

विजेचा प्रश्न सर्वांत अवघड. जग कागदावर उतरविले जात असतानाच दिवा जावा, तसे संगणक लिहीत असता वीज गेली तर त्या जगाचा एखादा तुकडा बिघडतो. एके दुपारी तसे झाले आणि तुळशीवृंदावनासह मागचा चौक नाहीसा झाला. आदल्या रात्रीची प्रत काढून ठेवलेली होती, म्हणून तो परत आला. तेव्हापासून यंत्र इन्व्हर्टरवर आहे. आणि रोज रात्री सर्व्हर रीतसर थांबवून त्या जगाची एक प्रत काढली जाते. प्रत ज्या घरात मूळ आहे त्याच घरात ठेवणे शहाणपणाचे नव्हे, असे मधल्या बंधूंचे मत पडले. म्हणून दर रविवारची प्रत नाशिकला जाते. सबंध वाडा आज दोन्ही घरी आहे.

हद्दीचा प्रश्न सुटला, असे मात्र वाचकांनी समजू नये. मागच्या जागेत झुडपे आहेत तशीच आहेत. मोजणी व्हावयाची आहे. तीस बंधू स्वतः येणार आहेत, आणि उतरणार आहेत ते घरीच. त्या दिवशी काय बोलणे होईल ते सांगता येत नाही. निकाल विरुद्ध गेला तरी तो तोंडावर बोललेला असेल, आणि माईंना तेवढे पुरे वाटते.